वॉर्डातला कळवळा

आमच्या वॉर्डाच्या स्टाफरूममध्ये, मायक्रोवेव्हच्या वरच्या भिंतीवर, एक पोस्टर आहे. त्यावर ‘सी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे सहा शब्द आहेत : केअर, कम्पॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज, कमिटमेंट. इंग्लंडच्या तेव्हाच्या मुख्य नर्सिंग अधिकारी जेन कमिंग्ज यांनी डिसेंबर २०१२ मध्ये ही सहा कलमं जाहीर केली आणि बघता बघता ती देशभरच्या वॉर्डांच्या भिंतींवर चढली. आमच्या पोस्टरचा एक कोपरा कुणाच्या तरी आमटीने पिवळा झालाय.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीने मला विचारलं, “यातल्या दुसऱ्या सीची सही तुम्ही कशावरून देता?” प्रश्न बरोबर होता. विद्यार्थ्यांच्या वहीत आम्हाला सह्या कराव्या लागतात. इंजेक्शन नीट दिलं, सही. जखम बांधली, सही. कम्पॅशन दाखवलं, सही. इंजेक्शन कसं तपासायचं ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या सीचं मी तिला काहीतरी सांगितलं, पण विचार डोक्यात मराठीतच सुरू झाला, आणि मराठीत तो शब्द ‘कम्पॅशन’ नाही, ‘कळवळा’ आहे.

आमच्या मराठी पवित्र शास्त्रात येशूला लोकांची दया कमी वेळा येते, कळवळा जास्त वेळा येतो. मूळ ग्रीक शब्दाचा संबंध आतड्यांशी आहे, हे मी फार उशिरा एका प्रवचनात ऐकलं. ऐकून नवल वाटलं नाही. आमच्याकडे आईचं आतडं तुटतं, पोटात कालवतं, आतडी पिळवटून निघतात. इंग्रजीत सगळं हृदयात होतं, मराठीत पोटात. अनुवाद करणाऱ्या मंडळींनी शब्द अगदी नेमका उचलला. ‘दया’ वरून खाली येते, उभ्या माणसाकडून बसलेल्याकडे. कळवळा आधी आपल्यालाच होतो, पोटदुखीसारखा, आणि मग माणूस काहीतरी करायला उठतो.

पोस्टर का लागलं तेही सांगायला हवं. २००५ ते २००९ या काळात मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात रुग्णांची जी आबाळ झाली, तिची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली. पहिला अहवाल २०१० मध्ये आला, मोठा २०१३ मध्ये. ते सगळं वाचताना धक्का बसतो तो मोठ्या ऑपरेशनांच्या चुकांनी नव्हे. पाण्याचा पेला हाताला न लागणं, घंटा वाजवून कुणी न येणं, ओल्या अंथरुणात तासन्‌तास पडून राहणं, अशा गोष्टींनी बसतो. नर्स कमी होत्या, पैसे वाचवायचे होते, आकडे गाठायचे होते. त्यानंतर ‘कम्पॅशन’ हा सरकारी शब्द झाला. मला त्यात गंमतही वाटते आणि रागही येतो. वॉर्डात माणसं पुरेशी ठेवली नाहीत की पोस्टरचा कागद कितीही जाड असो, काय उपयोग? नर्सना ‘देवदूत’ म्हणणाऱ्यांचाही मला संशय येतो. देवदूतांना पगारवाढ लागत नाही आणि साडेबारा तासांच्या पाळीत जेवणाची सुट्टीही लागत नाही, असा त्या कौतुकाचा पुढचा अर्थ असतो.

माझं शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं, १९९० च्या दशकात. कागदोपत्री नाव वानलेस हॉस्पिटल, पण सांगली-मिरजेत कुणीही ‘मिशन’च म्हणतं. विल्यम वानलेस या डॉक्टरांनी ते १८९४ मध्ये सुरू केलं. पुढे ते ‘सर’ झाले. सांगली आणि मिरजेच्या मध्ये आजही वानलेसवाडी आहे. पण आमच्या घरात मिशनची गोष्ट वानलेससाहेबांची नव्हती, माझ्या आजीच्या मनगटाची होती. तासगावकडच्या एका खेड्यात आमच्या लोकांची वस्ती गावाबाहेर होती. गावातला वैद्य आमच्या माणसाची नाडी बघत नसे. औषधाची पुडी वरून ओंजळीत टाकत असे. आजीला तरुणपणी बाळंतपणानंतर ताप भरला, तिला बैलगाडीतून मिरजेला नेलं. तिथे गोऱ्या डॉक्टरने खुर्ची ओढली, बसला आणि तिचं मनगट हातात धरून घड्याळाकडे बघत राहिला. ऑपरेशन झालं की नाही, किती दिवस राहिली, हे आजीला नीट आठवत नसे. मनगट मात्र ती ऐंशीव्या वर्षीही पुढे करून दाखवायची, “हितं धरला हुता.”

यावर नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मी लहानपणापासून ऐकत आले : औषध दिलं आणि धर्म घेतला. आमच्या महाराष्ट्र मंडळातही, मी ख्रिस्ती आहे म्हटल्यावर, गणपतीच्या आरतीनंतरच्या जेवणात कुणीतरी हा विषय हळूच काढतं. मी तो झटकून टाकत नाही. खाटेशेजारी पत्रकं ठेवलेली मीही पाहिली आहेत, आणि ज्याला उठून जाता येत नाही त्याला उपदेश करणं मला तेव्हाही आवडत नव्हतं. पण माझ्या आजीचं मनगट ज्याने धरलं त्याने ते सोडताना काही मागितलं नाही. आमच्या घराने धर्म बदलला तो त्याआधीच, आणि त्याची कारणं मिशनपेक्षा गावच्या विहिरीत जास्त होती.

मिरजेला आमच्या सिस्टर ट्यूटर होत्या. त्यांचं कम्पॅशनवर एकही व्याख्यान मला आठवत नाही. त्यांचे नियम आठवतात. रुग्णाशी बोलताना खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही, डोक्याशी जायचं. थंडीत बेडपॅन गरम पाण्याने धुऊनच द्यायचं. ‘येते’ म्हटलं की यायचं. येता येणार नसेल तर ‘येते’ म्हणायचं नाही. पाय धुतले की बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. हा शेवटचा नियम त्या पुण्य गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या दिवशी, मुद्दाम पुन्हा सांगायच्या. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की कातडी फाटते, मधुमेह असेल तर त्यातून पाय जातो. पाय नुसते धुऊन सोडले तर काम अर्धं झालं, असं त्यांचं म्हणणं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्टही त्या नर्सच्या नजरेने वाचायच्या. लुटारूंनी मारून टाकलेला माणूस रस्त्यात पडलाय. शोमरोनी त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्र काढतो. सकाळी मालकाला पैसे देतो, जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन म्हणतो. आणि मग, सिस्टर सांगायच्या, तो आपल्या कामाला निघून जातो. प्रथमोपचार, वाहतूक, भरती, खर्चाची सोय, फॉलोअप, आणि पुढच्या पाळीकडे हँडओव्हर. त्याला शेजारी म्हटलंय ते एवढ्यावर. त्या जखमी माणसाचं पुढे काय झालं, तो बरा झाला का, त्याने आभार मानले का, यातलं काहीच गोष्टीत नाही.

मी इंग्लंडला आले २००२ मध्ये, जेव्हा एनएचएस भारतातून आणि फिलिपिन्समधून नर्सची भरती करत होतं. आधी एका नर्सिंग होममध्ये काही महिने देखरेखीखाली काम, मग नोंदणीचा क्रमांक, मग रुग्णालय. गेली बरीच वर्षं मी वृद्धांच्या वॉर्डात आहे. इथे धर्माबद्दलचा नियम स्वच्छ आहे : आपल्या श्रद्धा रुग्णापुढे अयोग्य रीतीने मांडायच्या नाहीत. २००८ च्या अखेरीस सॉमरसेट भागातल्या एका नर्सने घरी गेलेल्या रुग्णबाईंना “तुमच्यासाठी प्रार्थना करू का?” असं विचारलं, म्हणून तिला निलंबित केलं, फार गाजल्यावर पुन्हा कामावर घेतलं. आमच्या चर्चमध्ये तेव्हा खूप हळहळ झाली. निलंबन मलाही अती वाटलं. पण नियम मला पटतो. जो माणूस कमोडपर्यंत जायला माझ्यावर अवलंबून आहे, तो मला ‘नको’ कसं म्हणेल? त्याच्या ‘हो’ला काय अर्थ? प्रार्थना करायला मला कुणाची परवानगी लागत नाही. पाळी सुरू होण्याआधी गाडीत बसून मी ती करते. वॉर्डात करायची कामं दुसरी असतात.

कोणती कामं? सांगायला गेलं तर फार किरकोळ वाटतात. पक्षाघात झालेल्या काही रुग्णांना जगाची डावी बाजू असते हेच कळत नाही. डोळे शाबूत असतात, मेंदू ती बाजू मोजत नाही. असा रुग्ण ताटाचा उजवा अर्धा भाग संपवतो आणि थांबतो. ट्रे उचलणारा ‘भूक नाही’ म्हणून लिहून टाकतो. तिथे ताट अर्धं फिरवून ठेवायचं असतं, बस. पाण्याचा पेला, घंटा, चष्मा उजव्या हाताला. कानातलं यंत्र नुसतं लावायचं नाही, त्याची बॅटरी चालू आहे का बघायचं. निम्म्या वेळा ‘गोंधळलेला’ म्हणून लिहिलेला म्हातारा फक्त बहिरा असतो. जे तोंडाने काही घेऊ शकत नाहीत त्यांचे ओठ ओल्या स्पंजने दर तासाला पुसायचे. आपलं नाव सांगायचं. हे शेवटचं इथल्या लोकांना केट ग्रेंजर या तरुण डॉक्टरने शिकवलं. तिला स्वतःला कॅन्सर झाला, ती खाटेवर पडली आणि तिच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे आपलं नावही सांगत नाहीत. २०१३ मध्ये तिने ‘हॅलो, माझं नाव अमुक’ अशी मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये ती गेली. ते पिवळे बिल्ले आम्ही अजून लावतो.

त्या बिल्ल्याचा एक फायदा तिच्या मनातही आला नसेल. त्यावर फक्त पहिलं नाव असतं. मराठी माणसाला त्यावरून पुढचं काही काढता येत नाही.

बार्शीच्या आजींना मात्र ते पुरेसं नव्हतं. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. गाव बदललं नाही. गावाशिवाय ही हकिकत कळणार नाही.) वय चौऱ्याहत्तर. मुलाकडे नातवाच्या बारशासाठी भेटीच्या व्हिसावर आल्या होत्या. पोट फुगत गेलं, अन्न जाईना, श्वास लागायला लागला. आमच्या वॉर्डात आल्या तेव्हा गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्क्याचा पुसट ठिपका, आणि इंग्रजीचा एक शब्द नाही.

पहिल्याच दिवशी माळेवरून अडलं. स्कॅनसाठी न्यायला आलेल्या माणसाच्या कागदावर होतं, ‘सर्व दागिने काढावेत.’ आजींनी माळ मुठीत धरली. मुलगा समजावत होता, आजी रडत होत्या, मागे दुसरा रुग्ण खोळंबला होता. मी स्कॅनच्या खोलीत फोन करून विचारलं : पोटाचा सीटी आहे, गळ्यात लाकडी मणी आहेत, चालेल का? पलीकडची मुलगी म्हणाली, “अर्थात चालेल.” पाऊण मिनिटाचा फोन. माळकऱ्याची माळ म्हणजे काय हे त्या मुलीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, ते मला ठाऊक होतं. परक्या देशात एका माणसाला एवढं तरी ओळखणारं कुणी भेटावं.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, “कुठली गं तू?”

“मिरजेची, आजी.”

“आडनाव?”

सांगितलं. आमचं आडनाव फसवं आहे, शहाण्णव कुळीतही सापडतं. त्यांनी माझ्या कपाळाकडे, गळ्याकडे पाहिलं. “मग कुंकू?”

“आम्ही ख्रिश्चन आहोत.”

“मिशनातली व्हय!” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या थोरल्या बहिणीचे डोळे मिरजेच्या मिशनमध्ये केले होते. पुढे काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचे सुजलेले पाय पुसायला घेतले तर पाय आखडून घेतला. “नको, पायाला हात नको लावूस.” वयाने मोठ्या म्हणून संकोच होता, की दुसरं काही होतं, मी विचारलं नाही. “आजी, बोटांत ओल राहिली तर जखम होईल,” म्हटलं. मग लावू दिला.

स्कॅनमध्ये अंडाशयाचा कॅन्सर निघाला, पोटभर पसरलेला. मुलाने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. “ताई, आईला सांगू नका. तुम्ही आपल्याकडच्या आहात, तुम्हाला कळेल.” मला कळत होतंच. त्याच्या हातात दुसराही एक कागद होता. भेटीच्या व्हिसावर आलेल्याला रुग्णालयाचा खर्च स्वतः भरावा लागतो, तोही एनएचएसच्या दराच्या दीडपट. तातडीचे उपचार पैशांसाठी थांबवत नाहीत, पण बिल येतं. विमा कंपनी म्हणत होती, हा आजार आधीपासूनचा. नवरात्रात जोगवा मागणाऱ्या आईच्या या मुलाचे तीन आठवड्यांत गाल बसले होते. आईच्या उशाशी तो हसरा असायचा आणि कारपार्कात गाडीत एकटा बसून असायचा. कळवळा फक्त खाटेवरच्या माणसासाठी राखून ठेवायचा नसतो, एवढं बोलून मी त्याला आमच्या समाजसेविकेकडे आणि बिलाचे हप्ते ठरवणाऱ्या कार्यालयाकडे घेऊन गेले.

सांगायचं की नाही, हा प्रश्न इथे मुलाने सोडवायचा नसतो आणि मीही नाही. अशा बोलण्यासाठी नातेवाईक दुभाषा चालत नाही. नर्सलाही शक्यतो मध्ये घेत नाहीत. फोनवरून मराठी दुभाषा आणला. डॉक्टरांनी चांगली सुरुवात केली. निदान न सांगता आधी विचारलं, आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? फोनमधला गृहस्थ शुद्ध मराठीत म्हणाला, “आपल्याला कर्करोगाविषयी कितपत माहिती हवी आहे?” एका वाक्यात डॉक्टरांची सगळी काळजी वाया गेली. गंमत म्हणजे आजींना ‘कर्करोग’ शब्द कळलाच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प होते, कारण मी तिथे दुभाषी म्हणून नव्हते. मग त्याच म्हणाल्या, “कॅन्सर हाय न्हवं?”

बार्शीच्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. गावातच नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. आसपासच्या खेड्यांतल्या बायकांची गावोगाव तपासणी होते, नोंदी होतात. आजींनी जाऊ-नणंदांना तिथे नेलेलं होतं. मुलगा इतके दिवस जे लपवत होता ते त्या पोट फुगायला लागल्यापासून जाणून होत्या, आणि मुलाला त्रास नको म्हणून गप्प होत्या. दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती.

“माझ्या पोराला सगळं सांगा,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “मला एकच सांगा, घरी कधी न्यायचं.”

मग त्या दिशेने कामं सुरू झाली. पोटातलं पाणी नळीने काढायचं. पहिल्या दिवशी पाच लिटर निघालं आणि त्या कितीतरी दिवसांनी आडव्या झोपल्या. पाणी पुन्हा भरणार, म्हणून प्रवासाला मधले थोडेच दिवस. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म, व्हीलचेअर, औषधांचं पत्र. आणि दुखणं. सुरुवातीला मॉर्फिन ‘लागेल तसं’ लिहिलेलं होतं. आजी मागत नव्हत्या. कशा मागतील? घंटा वाजवायची म्हणजे कुणाला तरी कामाला लावायचं, आणि आल्यावर कोणत्या भाषेत सांगायचं? सकाळी हँडओव्हरमध्ये ऐकू यायचं, ‘रात्र शांत गेली.’

इथे मला नेहमी सिसली साँडर्सबाई आठवतात. लंडनमध्ये त्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. आधी नर्स, पाठ गेल्यावर रुग्णालयातल्या समाजसेविका, मग तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर. श्रद्धा पक्की ख्रिस्ती. डेव्हिड टास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताने १९४८ मध्ये मरताना त्यांच्या न झालेल्या हॉस्पिससाठी ५०० पौंड मागे ठेवले होते. कॅन्सरच्या रुग्णाने दुखणं परत येऊन विव्हळेपर्यंत थांबायचं आणि मग औषधासाठी विनवायचं, ही पद्धत साँडर्सबाईंनी मोडली. घड्याळ बघून, दुखायच्या आधी, तोंडावाटे मॉर्फिन. रोज, ठरलेल्या वेळी. मागावंच लागू नये. आणि दुखणं म्हणजे नुसतं शरीराचं नव्हे, घरच्यांची काळजी, पैशांची चिंता, देवाशी भांडण, हे सगळं मिळून एकच दुखणं, असं त्यांनी मांडलं. कुणी मला ख्रिस्ती कळवळ्याचं उदाहरण विचारलं तर मी औषधाच्या तक्त्यावरच्या त्या ठरलेल्या वेळा दाखवीन. आजींचं मॉर्फिन आम्ही डॉक्टरांना सांगून वेळेवर लावून घेतलं. सोबत जुलाबाचं औषधही. मॉर्फिनने कोठा बांधतो आणि हे विसरणारे डॉक्टर सगळ्या देशांत असतात.

तरी एका रात्री तीनच्या सुमाराला दुखणं उसळलं. जादा डोस दिला. पातळ मॉर्फिनला उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्या मिनिटांचं औषध कुणाकडे नसतं. आजींनी माझा हात धरला. “हरिपाठ म्हणशील? मला शेवटपत्तूर सुधरंना.”

त्या अख्ख्या इमारतीत त्या वेळी देवनागरी वाचता येणारी मी एकटी होते. फोनवर ज्ञानेश्वर महाराजांचा हरिपाठ काढला, खुर्ची ओढली आणि वाचायला लागले. चाल मला येत नव्हती. अडखळले की आजी डोळे मिटूनच पुढचा शब्द द्यायच्या. सात-आठ मिनिटं झाली आणि समोरच्या बेमधली घंटा वाजली. रात्री अठ्ठावीस रुग्णांना आम्ही तीन नर्स. उठावंच लागलं. आमच्या सहायकांपैकी एक वेल्सची बाई आहे, पन्नाशीची, देवाबिवावर काडीचा विश्वास नसलेली. तिला म्हटलं, “पाच मिनिटं बसशील?” फोनवर कुण्या बुवांच्या आवाजातला हरिपाठ लावून दिला. परत आले तेव्हा ती तशीच बसली होती, आजींचा हात हातात, टाळांच्या ठेक्यावर तिचा अंगठा आजींच्या मुठीवर हलत होता. आजी झोपल्या होत्या.

आमच्या वॉर्डात सर्वांत जास्त कळवळा या बाईच्या अंगी आहे, आणि ती चर्चमध्ये फक्त लग्नांना जाते. तर मग कळवळ्याला ख्रिस्ती का म्हणायचं? मी म्हणते, कारण मला तो तिथून मिळाला. तिला तिच्या आजीकडून मिळाला असेल. रुग्णाला पाण्याचा पेला मिळतो. विहीर कुणाची, हे पेल्यावर लिहिलेलं नसतं. आमच्या घरापेक्षा हे कुणाला जास्त कळावं?

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एकदा एका भाड्याच्या हॉलमध्ये जमतात. तिथे चहाच्या वेळी मी हे सांगितलं. एक काका, मला मुलीसारखी मानणारे, गंभीर झाले. “हरिपाठ वाचलास? अगं, मरणाच्या दारात असलेली बाई. तुला साक्ष द्यायची संधी होती.” मी म्हटलं, “काका, त्यांनी भाकर मागितली होती.” ते म्हणाले, “तीच तर जीवनाची भाकर.” यावर मला लगेच काही सुचलं नाही. मग आठवलं म्हणून म्हटलं, नारायण वामन टिळक स्वतः सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपण त्यांचीच अभंगाच्या चालीवरची गीतं गातो. त्या पुलावर मध्येच उभं राहून एका म्हाताऱ्या बाईचा हात धरला तर काय बिघडलं? काकांनी मान हलवली. पटलं असं म्हणवत नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी प्रार्थनेच्या यादीत ‘बार्शीच्या एक भगिनी’ असं घातलं, नाव न विचारता. आमचा वाद अजून मिटलेला नाही. दिवाळीत त्यांच्याकडे करंज्या खाताना पुन्हा निघाला होता. त्यांचं म्हणणं खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. ज्या गोष्टीने आपल्याला जगवलं ती दुसऱ्याला द्यावीशी वाटणं, हाही कळवळाच असतो. फक्त तीन वाजताच्या त्या वेळी, दुखण्याने वळलेल्या माणसाकडून मी काही घ्यायला बसले नव्हते, एवढं मला ठाम माहीत आहे.

निघायच्या सकाळी सूनबाईंनी थर्मासमधून मऊ भात आणला होता. आजींनी चार घास खाल्ले. मुलाने बिलाचे हप्ते मान्य करून घेतले होते. पाय धुऊन, बोटांच्या मधली जागा पुसून, मी मोजे चढवले. या वेळी त्यांनी पाय आखडला नाही. “येते गं,” म्हणाल्या. आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत.

नियम असा आहे की घरी गेलेल्या रुग्णाची आपल्या मनाने चौकशी करायची नाही. तो मी पाळते. विमान मुंबईला उतरलं असेल. पुढे गाडीने बार्शी, वाटेत कुठेतरी टेंभुर्णीला चहा. भगवंताचं देऊळ त्यांनी पुन्हा पाहिलं की नाही, मला माहीत नाही. इथे दीड वाजता खाट धुतली, फळ्यावरचं नाव पुसलं. सव्वादोनला खालून फोन आला : पक्षाघात, एक्क्याऐंशी वर्षं, डावी बाजू गेलेली, सकाळपासून काही खाल्लेलं नाही, ट्रे तसाच परत आलाय, भूक नाही म्हणून लिहिलंय.